रातपाळी, रक्त आणि कृमीची खूण
(प्रस्तावना)

हत्तीरोगासाठी रक्त तपासायचं तर ते रात्री घ्यावं लागतं, हे आरोग्य खात्यातल्या प्रत्येक कर्मचाऱ्याला पाठ असतं. वुचेरेरिया बँक्रॉफ्टाय या कृमीची पिल्लं, म्हणजे मायक्रोफायलेरिया, दिवसा फुप्फुसांच्या बारीक रक्तवाहिन्यांत दडून राहतात. रात्री साधारण दहा ते दोनच्या सुमारास ती वरवरच्या रक्तात उतरतात. क्युलेक्स डासाची चावण्याची वेळही हीच. म्हणून कर्मचाऱ्यांनी रात्री वस्तीत जायचं, माणसाला झोपेतून उठवायचं, बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा जाड थेंब पसरायचा आणि नंतर तो रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. गेली कित्येक दशकं देशभर हे काम याच पद्धतीनं चालत आलं आहे.

ही पद्धत जो माणूस गृहीत धरते, तो रात्री आपल्या घरी झोपलेला असतो. भिवंडीच्या निजामपुऱ्यात तो लूमवर उभा असतो.

महानगरपालिकेच्या नावातच भिवंडीच्या जोडीनं निजामपूर आहे, इतका हा भाग गावाच्या मुळाशी आहे. गावातले यंत्रमाग लाखोंच्या घरातले. कारखाने दोन पाळ्यांत चालतात आणि बारा-बारा तासांच्या पाळीत रातपाळी दिवसपाळीइतकीच भरलेली असते. रातपाळीचा कारागीर सकाळी बिस्सीत, म्हणजे कामगारांच्या खानावळीत, जेवतो आणि मग एका खोलीत आठ-दहा जणांबरोबर दिवसभर झोपतो. रात्रीच्या रक्त तपासणीचं पथक त्याच्या दारात येतं तेव्हा दाराला कुलूप असतं. बरं, पथक कारखान्यात शिरलं आणि माग बंद करून त्याचं बोट टोचलं, तरी प्रश्न सुटत नाही. 1881 साली लंडनमध्ये स्टीफन मॅकेन्झी या डॉक्टरानं हत्तीरोगाच्या एका रुग्णाला दिवसा झोपायला आणि रात्री जागायला लावलं. थोड्याच दिवसांत मायक्रोफायलेरियांनी वेळ बदलली आणि त्या दिवसा रक्तात दिसू लागल्या. कृमीचं घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाशी नसून माणसाच्या झोपेशी जोडलेलं असतं. ज्याची झोपच उलटी झाली आहे त्याचं रात्री बारा वाजता घेतलेलं रक्त स्वच्छ दिसू शकतं आणि दुपारी झोपेत तेच रक्त पिल्लांनी भरलेलं असू शकतं.

कृमींच्या प्रतिजनांवर मराठीत पुस्तक असावं असं मला वाटू लागलं ते या एका गोष्टीवरून. प्रतिजन म्हणजे अँटिजेन. कोविडच्या साथीत हा शब्द घरोघरी पोहोचला. नाकात काडी फिरवून पट्टीवर दोन रेघा येतात का ते सगळ्यांनी पाहिलं आहे. शरीराला परका वाटेल आणि ज्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतील असा कोणताही रेणू म्हणजे अँटिजेन. विषाणूचे असे रेणू थोडके असतात. कृमी हा मात्र हजारो जनुकांचा, तोंड, आतडं, त्वचा, प्रजननसंस्था असलेला पुरता प्राणी आहे आणि तो माणसाच्या आत वर्षानुवर्षं जगतो. त्याच्या कातडीचे रेणू वेगळे, आतड्याचे वेगळे, डासातून आलेल्या अळीचे वेगळे, पूर्ण वाढलेल्या मादीचे वेगळे. जगता जगता तो सतत काहीबाही बाहेर टाकत असतो. यांतले कोणते रेणू आपल्याला कृमीचा पत्ता देतील आणि कोणते रेणू कृमीपासून आपलं रक्षण करतील, हे दोन प्रश्न या विषयाचा कणा आहेत. वाचकानं सुरुवातीपासून एक गोष्ट मनात ठेवावी: हे दोन प्रश्न एकच नाहीत. पत्ता देणारा रेणू बहुतेक वेळा रक्षण करत नाही. या एका गोंधळात संशोधनाची बरीच वर्षं गेली आहेत.

महाराष्ट्रात या विषयाचं घर सेवाग्राम आहे. गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, 1969 मध्ये, डॉ. सुशीला नायर यांनी तिथं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी केली. वैद्यकीय शिक्षण खेड्यात राहून, खेड्यासाठी द्यायचं हा तिचा हेतू होता. वर्धा जिल्हा हत्तीरोगाचा. आसपासच्या गावांत पाय सुजलेली माणसं होती आणि पुढे अंडवृद्धी होणार आहे हे ठाऊक नसलेले, वरवर धडधाकट तरुण होते. संस्थेच्या जीवरसायनशास्त्र विभागात डॉ. बी. सी. हरिनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा रोग हाती घेतला. पुढे त्यातूनच जमनालाल बजाज यांच्या नावाचं उष्णकटिबंधीय रोगांचं संशोधन केंद्र वाढलं.

त्यांच्यापुढची पहिली अडचण फार साधी होती: अभ्यासायचा तो कृमी आणायचा कुठून? वुचेरेरिया फक्त माणसात वाढतो. मादी आठ-दहा सेंटिमीटर लांब आणि दोऱ्यासारखी बारीक असते. जांघेतल्या, काखेतल्या लसीकावाहिन्यांत ती नराबरोबर गुंतून पाच-सात वर्षं राहते. तिला बाहेर काढायला जिवंत माणसाची शस्त्रक्रिया लागेल. जगातल्या इतर प्रयोगशाळांनी यावर तोड म्हणून तिचा भाऊबंद वापरला. ब्रुगिया मलायी हा कृमी जर्ड आणि मॅस्टोमिस या उंदीरवर्गी प्राण्यांत वाढवता येतो. सेवाग्रामनंही पुढे ब्रुगिया वापरला. पण त्यांची सुरुवात झाली ती हाताशी जे होतं त्यापासून, म्हणजे रुग्णांच्या रक्तातल्या मायक्रोफायलेरियांपासून. रात्री गोळा केलेल्या रक्तातून ही पिल्लं गाळून वेगळी करायची, काचपात्रात पोषक द्रवात जिवंत ठेवायची आणि ती त्या द्रवात जे सोडतील ते जमा करायचं. कृमी वाटून काढलेला अर्क आणि जिवंत कृमीनं स्वतः बाहेर टाकलेले रेणू यांत मोठा फरक आहे. अर्कात सगळंच येतं, अगदी गोलकृमींच्या साऱ्या कुळात सारखे असलेले रेणूही. बाहेर टाकलेले रेणू मोजके असतात आणि रुग्णाच्या रक्तात फिरतात तेही तेच. 1980 च्या दशकाच्या आरंभी हरिनाथ यांच्या गटानं या स्रावातल्या अँटिजेनवर एलायझा चाचण्या प्रसिद्ध केल्या: आधी प्रतिपिंडांसाठी, लवकरच खुद्द अँटिजेनसाठी. हत्तीरोगावरच्या डीईसी गोळ्यांचा उपचार चालू असताना रक्तातला अँटिजेन कसा बदलतो, तेही त्यांनी मोजून पाहिलं.

या कामातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट विज्ञानाच्या इतिहासात सहसा येत नाही. एलायझात प्रतिपिंडाला एक विकर, म्हणजे एन्झाइम, जोडलेलं असतं. त्या विकरानं रंग बदलला की निकाल कळतो. परदेशी संचांत तेव्हा पेरॉक्सिडेज किंवा अल्कलाइन फॉस्फटेज असायचं आणि रंग मोजायला यंत्र लागायचं. सेवाग्रामनं पेनिसिलिनेज घेतलं. हे विकर पेनिसिलिन फोडतं, त्यातून निघालेलं आम्ल आयोडीन खेचून घेतं आणि स्टार्च व आयोडीन मिळून झालेला गडद निळा रंग उडून जातो. निळा राहिला तर नाही, पांढरा पडला तर आहे, आणि हे डोळ्यांनी दिसतं. भिवंडीत सायझिंगच्या कारखान्यांत ताण्याला जी खळ लावतात तीसुद्धा स्टार्चच. तिच्यावर आयोडीनचा थेंब टाकला तर कोणालाही तोच निळा रंग दिसेल. लहान चकतीवर किंवा काडीवर करायच्या या चाचणीचे निबंध 1986 च्या सुमारास आले. प्रयोगशाळा नसलेल्या गावातही निदान व्हावं, अशा हेतूनं रेणू, विकर, रंग सगळं निवडलं गेलं होतं. आज आपण ज्याला रॅपिड टेस्ट म्हणतो त्याच्या मागची दृष्टी त्या काड्यांत पूर्ण दिसते.

तयार कार्डाच्या रूपात बाजारात आलेली चाचणी मात्र दुसऱ्या वाटेनं आली. अमेरिकेत सेंट लुईस इथं गॅरी वाइल यांच्या प्रयोगशाळेत एडी12 नावाचं एकजिनसी प्रतिपिंड मिळालं. पूर्ण वाढलेला वुचेरेरिया रक्तात जो मोठा अँटिजेन सोडतो तो ते पकडतं. ऑस्ट्रेलियात गुरांच्या एका फायलेरियाविरुद्ध, म्हणजे वुचेरेरियाच्याच कुळातल्या कृमीविरुद्ध, बनवलेलं ओजी4सी3 हे प्रतिपिंडही वुचेरेरियाच्या अँटिजेनला चिकटतं असं 1990 मध्ये दिसलं. एडी12 वर आधारलेलं आयसीटी कार्ड 1997 मध्ये आलं आणि नंतर त्याची जागा एफटीएस या पट्टीनं घेतली. बोटातून थोडं रक्त घ्यायचं, पट्टीवर सोडायचं आणि दहा मिनिटांनी रेघ बघायची. हा अँटिजेन पूर्ण वाढलेल्या कृमीकडून येतो आणि तो कृमी लसीकावाहिनीतून हलत नाही. त्यामुळे रक्त सकाळी नऊला घ्या, दुपारी तीनला घ्या किंवा रात्री घ्या, निकाल तोच. मॅकेन्झीच्या रुग्णाची उलटी झोप या पट्टीला अडवत नाही. रातपाळी संपवून बिस्सीत बसलेल्या कारागिराची तपासणी तिथंच, त्याच्या ताटाशेजारी होऊ शकते. भिवंडी, इचलकरंजी, मालेगाव, सुरत अशा गावांसाठी याचं मोल किती, हे रातपाळी पाहिलेल्याला वेगळं सांगावं लागणार नाही.

पण पट्टीला मर्यादा आहेत आणि त्या दडवल्या तर लोकांचा तिच्यावरचा विश्वास उडेल.

ज्याचा पाय हत्तीसारखा झाला आहे त्याची अँटिजेन चाचणी पुष्कळदा नकारात्मक येते. घरच्यांना हे कोडं वाटतं. कारण असं, की वर्षानुवर्षांच्या दाहानं त्याच्यातले कृमी बहुधा मरून गेलेले असतात. राहिलेली असते ती फाटलेली, निकामी झालेली लसीकाव्यवस्था आणि तीत पुन्हा पुन्हा होणारा जिवाणूंचा संसर्ग. अशा माणसाला गरज असते ती रोज साबणानं पाय धुण्याची, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवण्याची, रात्री पाय उंचावर ठेवून झोपण्याची आणि ताप-लाली आली की लगेच उपचाराची. ही पट्टी त्याच्यासाठी नाहीच. ती धडधाकट दिसणाऱ्या, अंगात कृमी बाळगून असलेल्या माणसासाठी आहे. दुसरी मर्यादा अशी, की औषधानं पिल्लं नाहीशी झाली तरी पूर्ण वाढलेले कृमी जिवंत असले तर पट्टी बराच काळ सकारात्मक राहते. त्यामुळे एकेका रुग्णाच्या बाबतीत उपचार लागू पडला की नाही हे तिच्यावरून लगेच ठरवता येत नाही. आफ्रिकेत लोआ लोआ या दुसऱ्या कृमीचे रुग्णही तिच्यावर कधीकधी रेघ दाखवतात. तो कृमी आपल्याकडे नाही, पण त्यातून एक सामान्य नियम कळतो.

त्या नियमासाठी या पुस्तकात एक स्वतंत्र प्रकरण आहे. कृमी एकमेकांचे नातलग आहेत आणि त्यांचे अँटिजेन एकमेकांशी जुळतात. आपल्याकडे एकाच मुलाच्या पोटात मोठे जंत असतात, आतड्यात अंकुशकृमी असतो आणि रक्तात फायलेरियाही असू शकतो. अशा रक्तावर कृमीचा कच्चा अर्क वापरून प्रतिपिंडं शोधली तर जवळजवळ प्रत्येक जण सकारात्मक येईल. इटलीतल्या कासोनींनी 1911 मध्ये हायडॅटिड या कृमिरोगासाठी त्वचेत टोचायची चाचणी काढली. आपल्या रुग्णालयांत ती कित्येक दशकं वापरली गेली आणि अखेर याच कारणानं मागे पडली. यावर उपाय दोन निघाले. पहिला, सगळी प्रतिपिंडं न शोधता आयजीजी4 हा एकच उपप्रकार शोधायचा. कृमी दीर्घकाळ अंगात राहिला की तो विशेष वाढतो. दुसरा, एकच नेमका रेणू जनुकावरून जिवाणूत बनवून घ्यायचा. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात पी. कलिराज यांच्या गटानं वुचेरेरियाच्या एसएक्सपी-1 या अँटिजेनवर केलेलं काम या दुसऱ्या वाटेचं आपल्या देशातलं ठळक उदाहरण आहे.

प्रतिपिंडांची चाचणी म्हणजे जुनी पद्धत आणि ती आता टाकून द्यायची, असा समज मात्र करून घेऊ नये. एक रोग असा आहे की त्यात प्रतिपिंडांवाचून निदान होत नाही आणि तो भिवंडीत विशेष लक्षात ठेवायला हवा. काही लोकांचं शरीर मायक्रोफायलेरियांविरुद्ध इतकं पेटून उठतं, की पिल्लं फुप्फुसांतच मारली जातात. रक्तात ती दिसतच नाहीत. रुग्णाला रात्री धाप लागते, घरघर होते, पहाटे पहाटे खोकला येतो आणि रक्तातल्या इओसिनोफिल पेशी दर घन मिलिमीटरला तीन हजारांच्या वर जातात. 1943 मध्ये वाइनगार्टन यांनी भारतातल्या रुग्णांवरून याला ट्रॉपिकल इओसिनोफिलिया असं नाव दिलं. त्यामागे फायलेरिया आहे हे पुढच्या काळात सिद्ध झालं. आता लूमवरच्या कारागिराचा विचार करा. कारखान्यात कापसाची धूळ उडत असते, खोलीत दाटीवाटी असते, गावात क्षयरोग असतो. त्याला खोकला झाला तर धुळीचा, दम्याचा किंवा टीबीचा असेल असं पहिल्यांदा वाटणं स्वाभाविक आहे आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असेल. पण त्याच्या रक्तातले इओसिनोफिल मोजले नाहीत, फायलेरियाची प्रतिपिंडं पाहिली नाहीत, तर तीन आठवड्यांच्या डीईसीनं बरा होऊ शकणारा माणूस वर्षभर पंप ओढत राहील. फुप्फुसांना त्यातून कायमचं वैगुण्य येऊ शकतं. निदानाची प्रकरणं मी डॉक्टरांइतकीच प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहेत. इओसिनोफिलचा आकडा डोळ्यांत भरावा असा असला, तर तो ठळक लिहून डॉक्टरांना कळवणं त्यांच्या हातात असतं.

आता दुसरा प्रश्न, रक्षणाचा.

ज्या गावात हत्तीरोग आहे तिथल्या डासांनी सगळ्यांनाच चावे घेतलेले असतात. तरी काहींना आयुष्यात कधी कृमी होत नाही. त्यांच्या रक्तात ना पिल्लं सापडतात ना अँटिजेन, अंगावर सूज नाही, काही नाही. शास्त्रात या लोकांना रोगक्षेत्रातले निरोगी म्हणून वेगळं काढतात आणि माझ्या मते या विषयातले सगळ्यात मोलाचे धडे त्यांच्याकडूनच मिळतात. त्यांच्या रक्तात काय आहे? सेवाग्राम आणि इतर ठिकाणी काचपात्रात प्रयोग झाले तेव्हा दिसलं, की अशा काही लोकांचा रक्तद्रव आणि पांढऱ्या पेशी एकत्र घातल्या तर पेशी अळ्यांना चहूबाजूंनी चिकटतात आणि अळ्या मरतात. ज्यांच्या रक्तात पिल्लं फिरत असतात त्यांच्या रक्तद्रवात ही ताकद कमी असते. म्हणजे संसर्ग असलेल्यांच्या शरीराला कृमी जणू दिसतच नाही. शरीर त्याला सहन करतं आणि त्या सहनशीलतेवर कृमी वर्षानुवर्षं जगतो. तो स्वतः असे रेणू सोडतो की यजमानाच्या पेशी शांत राहाव्यात. इंटरल्यूकिन-10 वाढतं, नियंत्रक टी पेशी वाढतात, आयजीजी4 वाढून आयजीई या दुसऱ्या प्रतिपिंडाचा मार्ग अडवतं. फॉस्फोरिलकोलीन चिकटलेले कृमींचे पुष्कळ अँटिजेन याच कामाला असतात. रक्तात भरपूर सापडणारा, म्हणून निदानाला उत्तम असलेला अँटिजेन लसीला का चालत नाही, याचं उत्तर इथं मिळतं. कृमी जे उधळतो ते त्याला परवडतं म्हणून उधळतो. लसीसाठी जे हवं ते त्यानं लपवलेलं असतं, किंवा ते अळी आत शिरतानाच्या थोड्या काळात उघडं पडतं.

सेवाग्रामच्या गटानं 1995 मध्ये ब्रुगियाच्या पूर्ण वाढलेल्या कृमीतला 120 किलोडाल्टनचा एक अंश घेऊन नेमका हाच शोध केला: निरोगी राहिलेल्यांचा रक्तद्रव कोणत्या रेणूला ओळखतो, आणि तो रेणू प्रयोगप्राण्यांना टोचला तर त्यांचं रक्षण होतं का? पुढे तिथल्याच डॉ. एम. व्ही. आर. रेड्डी यांनी अमेरिकेत रॉकफर्ड इथल्या रामस्वामी कल्याणसुंदरम यांच्या गटाबरोबर काम केलं. तीन वेगवेगळ्या अँटिजेनचे तुकडे एकाच प्रथिनात जोडून केलेल्या लसीचे उंदरांवरचे चांगले निकाल त्या गटानं 2013 मध्ये प्रसिद्ध केले. एका रेणूवर विसंबलं तर कृमी निसटतो, तीन वाटा एकदम अडवल्या तर त्याला जड जातं, हा त्यामागचा विचार. उंदरापासून माणसापर्यंतचा रस्ता लांब आहे. माणसांसाठी परवाना मिळालेली कृमिविरोधी लस आज जगात एकही नाही.

प्राण्यांसाठी मात्र आहेत आणि त्या बघितल्या की निराश व्हायचं कारण उरत नाही. ग्लासगोच्या शास्त्रज्ञांनी क्ष-किरणांनी दुबळ्या केलेल्या अळ्या वासरांना पाजून फुप्फुसकृमीची लस बनवली. ती 1959 पासून बाजारात आहे. ऑस्ट्रेलियात 2014 मध्ये मेंढ्यांच्या रक्तपिपासू जठरकृमीविरुद्ध लस आली आणि तिची कल्पना मला फार सुंदर वाटते. तिच्यातले अँटिजेन कृमीच्या आतड्याच्या अस्तरातले आहेत. मेंढीच्या शरीराला ते एरवी कधीच दिसत नाहीत, म्हणून कृमीनं त्यांच्यापुरती बचावाची सोय केलेलीच नाही. लस दिली की मेंढीच्या रक्तात प्रतिपिंडं येतात, कृमी ते रक्त पितो आणि त्याचं आतडं आतून निकामी होतं. डुकरांतल्या फीतकृमीविरुद्धच्या टीएसओएल18 या लसीचं उत्पादन तर हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्सनं केलं. फीतकृमीच्या अंड्यांतून निघालेल्या अळ्या माणसाच्या मेंदूत गाठी करतात आणि त्यातून फिट्स येतात. डुकराला लस देऊन ती साखळी आधीच तोडता येते.

माणसांच्या बाबतीत सावधगिरीचा एक प्रसंगही सांगितला पाहिजे. अंकुशकृमीच्या अळीतल्या एएसपी-2 या प्रथिनाची लस अमेरिकेतल्या स्वयंसेवकांत सुरक्षित ठरली होती. ब्राझीलमध्ये, जिथं अंकुशकृमी घरोघरी आहे, तिथं काही स्वयंसेवकांच्या अंगावर लस घेताच पित्ताच्या गांधी उठल्या आणि चाचणी थांबवावी लागली. आधीच्या संसर्गामुळे त्यांच्या शरीरात त्या प्रथिनाविरुद्ध आयजीई तयार होतं. आपल्या मुलांच्या शरीरातही लहानपणापासून कृमींविरुद्धचं आयजीई असतं. म्हणून इथं कधी लस आलीच तर ती इथल्या लोकांच्या रक्तद्रवावर आधी तपासली गेली पाहिजे. त्यासाठी इथलेच संशोधक आणि इथल्याच प्रयोगशाळा लागतील. दुसरी बाजू आशेची आहे. जिवाणू शरीरात वाढत जातो, हत्तीरोगाचा कृमी तसा वाढत नाही. आत शिरलेली प्रत्येक अळी एकच कृमी होते आणि त्याची पिल्लं डासात गेल्याशिवाय मोठी होत नाहीत. त्यामुळे लसीनं निम्म्या अळ्या मारल्या तरी रोगाचा भार खरोखर कमी होईल. शंभर टक्के रक्षणाची अट इथं नाही.

लस येईपर्यंत काय, याचं उत्तर तयार आहे: गोळ्या. राष्ट्रीय फायलेरिया नियंत्रण कार्यक्रम 1955 मध्ये सुरू झाला. 2004 पासून रोगग्रस्त जिल्ह्यांत वर्षातून एकदा सगळ्यांना गोळ्या देण्याची मोहीम आहे. डीईसी, अल्बेंडाझोल आणि आयव्हरमेक्टिन या तीन औषधांची जोड देशात ज्या पाच जिल्ह्यांत आधी आणली गेली त्यांत आपलं नागपूर होतं. ठाणे-पालघरही हत्तीरोगाच्या नकाशावर आहेत. गोळ्यांच्या फेऱ्या पुरेशा झाल्या का, हे सहा-सात वर्षांच्या मुलांच्या बोटातलं रक्त याच अँटिजेन पट्टीवर तपासून ठरतं. मुलं यासाठी, की त्यांच्यात अँटिजेन सापडला तर संसर्ग अलीकडचा आहे हे नक्की.

भिवंडीत यातली खरी अडचण माणसाच्या येण्याजाण्याची आहे. पूर्व उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण इथल्या रोगग्रस्त जिल्ह्यांतून कारागीर येतात, सणाला-लगीनसराईला गावी जातात, परत येतात. गावी गोळ्या वाटल्या तेव्हा ते इथं असतात, इथं वाटल्या तेव्हा गावी. क्युलेक्सला तर गढूळ, सांडपाण्याचं, तुंबलेलं पाणीच लागतं आणि निजामपुऱ्याच्या गल्ल्यांतली उघडी गटारं त्याला बारा महिने पुरतात. एखाद्याच्या रक्तात पिल्लं असतील आणि तो अशा गल्लीत राहत असेल तर पुढचा संसर्ग कुठून येईल हे वेगळं सांगायला नको. कारखान्याच्या दारात, पाळी बदलताना, सकाळी अँटिजेन पट्टी वापरली आणि सकारात्मक आलेल्याला तिथंच औषध सुरू केलं, तर ही फट बुजू शकते. ते सहज होणार नाही. गोळी घेतल्यावर ताप आला, चक्कर आली की लोक गोळीला दोष देतात. अंगातली पिल्लं मरताना असं होतं आणि ज्याच्या अंगात पिल्लं नाहीत त्याला सहसा काहीच होत नाही, हे आधी सांगितलं तर घाबरणं कमी होतं. ते सांगणारा माणूस त्याच गल्लीतला असावा आणि त्यानं उर्दूत, भोजपुरीत, तेलुगूत सांगावं. 2022 च्या अखेरीस इथं गोवराची साथ आली तेव्हा लसीबद्दलच्या शंका घरोघर जाऊन ऐकाव्या लागल्या. हत्तीरोगाच्या गोळीला त्याहून कमी मेहनत पुरेल असं मला वाटत नाही.

कोणी विचारेल, नारूचं निर्मूलन तर लस आणि अँटिजेनशिवाय झालं, मग इथं एवढा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे. नारूचा कृमी पायातून बाहेर डोकावायचा, रुग्ण स्वतःच दाखवायचा, पाणी गाळून प्यायलं की साखळी तुटायची. फेब्रुवारी 2000 मध्ये भारत नारूमुक्त म्हणून जाहीर झाला तो अशाच साध्या उपायांवर. फायलेरिया वर्षानुवर्षं काहीही न दाखवता राहतो. जो दिसत नाही त्याला शोधायला त्याची खूणच लागते. रत्नागिरीत गुहागरजवळच्या गिमवी गावात 1952 मध्ये गाडगीळ आणि शहा यांनी माणसांच्या लघवीत शिस्टोसोमाची अंडी दाखवली, तोपर्यंत हा कृमी भारतात नाहीच असं मानलं जात होतं. लघवीतून रक्त जाणं ही तिथल्या लोकांना नेहमीची गोष्ट होती. कृमी तिथं होताच, फक्त कोणी बघितलं नव्हतं. त्या गावाची हकीकत शेवटच्या प्रकरणात सविस्तर आली आहे.

पहिलं प्रकरण कृमींच्या जीवनचक्रांचं आहे. जे सूक्ष्मजीवशास्त्र शिकले आहेत त्यांनी ते सोडून थेट तिसऱ्यापासून, प्रतिपिंडांपासून वाचायला घेतलं तरी चालेल. आशाताई, बहुउद्देशीय कर्मचारी आणि लॅबमधले तंत्रज्ञ यांनी मात्र पाचवं प्रकरण आधी वाचावं. रक्त कसं घ्यायचं, पट्टी किती मिनिटांनी वाचायची आणि उशिरा उमटलेली रेघ का धरायची नाही, हे सगळं त्यात आहे.

निजामपुरा, भिवंडी